डावं बटण

बर्नीसने लोवेलच्या जाकिटाच्या खिशात हात घालून त्याचं पाकीट काढलं, म्युझियमची तिघांची तिकिटं घेतली आणि पाकीट सरळ स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. लोवेल क्रुगर शेजारी उभा राहून शीळ घालत होता. कॅरीनला वाटलं, बाप गेलाच हातातून.

मिल्वॉकी सोडल्यापासून ती हेच बघत होती. ज्या ट्रकच्या स्टिअरिंगला त्याने कधी कॅरीनच्या आईला हात लावू दिला नाही, तो ट्रक ही बाई चालवत होती. मोटेलमध्ये नावं हिनेच लिहिली. जेवायला बसल्यावर स्टेकसाठी जीव टाकणाऱ्या माणसासमोर हिने चमच्याने खायची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचं कालवण, मागवली, वर म्हणाली, "त्याला हेच आवडतं." जन्मभर चौकड्यांचे, बटणांचे शर्ट घालणारा तिचा बाप आता डोक्यातून घालायचे स्वेटर घालून फिरत होता. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते कॅरीनला पक्कं ठाऊक होतं: बापाच्या घरात आणि बँकेत.

शनिवारी डुलूथमध्ये, बर्नीसच्या बहिणीच्या गावी, कोर्टात लग्न होतं. लोवेलने लेकीला साक्षीदार केलं होतं. "तुझी सही नसेल तर लग्न नाही," असं तो स्वतःच म्हणाला होता. सही करायची नाही, हे कॅरीनने ठरवलं होतं. फक्त त्याला एकटं गाठायचं होतं, आणि निवृत्त केशकर्तनकार बर्नीस त्याला क्षणभर सोडत नव्हती.

पिनबॉलचं हे म्युझियम म्हणजे पूर्वीचं फर्निचरचं दुकान. दारात एकदा पैसे भरले की आत हवं तितकं खेळा. घंट्या, खटखटाट, तापलेल्या धुळीचा वास. कॅरीनला नको असताना लहानपण आठवलं. बोलिंगच्या हॉलमध्ये बाप खेळायचा तेव्हा लोक ग्लास घेऊन भोवती उभे राहायचे. तो डावखुरा. वरून घरंगळत आलेला चेंडू डाव्या फ्लिपरवर, म्हणजे बटण दाबलं की उचलल्या जाणाऱ्या यंत्राच्या पट्टीवर, अलगद अडवून धरायचा, उजव्या हाताने सिगारेट पेटवायचा, एक झुरका घ्यायचा आणि मग चेंडू हवा तिथे मारायचा. "बघितलंस? डावा हात!" असं ओरडायचा. आपला बाप जगातला सगळ्यात भारी माणूस आहे, असं तिला तेव्हा वाटायचं.

आता तोच बाप एका यंत्रासमोर उजव्या बाजूला उभा होता. डावं बटण बर्नीसकडे. दोघं खांद्याला खांदा लावून एकच डाव खेळत होते. कॅरीनच्या अंगाची लाही झाली. पाकीट घेतलं, ट्रक घेतला, आणि आता हेही?

"डॅड, दोघांत एक मशीन? अख्खा हॉल रिकामा पडलाय."

"प्रेमात असंच असतं, पोरी," लोवेलने डोळा मारला.

"या वयात?"

"या वयात तर जास्तच," बर्नीस म्हणाली. "पायऱ्या उतरताना हात धरला तरी लोक म्हणतात, काय गोड जोडी!"

लोवेल खो खो हसला. कॅरीन हसली नाही.

थोड्या वेळाने बर्नीस पॉपकॉर्न आणायला निघाली. जाताना म्हणाली, "लोवेल, मी आल्यावरच खेळ हं."

"म्हणजे खेळायलाही हिची परवानगी?" ती दिसेनाशी होताच कॅरीन फुटली. "डॅड, डोळे उघड. चाव्या तिच्याकडे, पाकीट तिच्याकडे. उद्या घरही तिच्याकडे जाईल. तिने तुला पुरतं मुठीत ठेवलंय. मी सही करणार नाही."

लोवेलने बाहीने यंत्राची काच पुसली.

"बोल ना काहीतरी. नाहीतर खेळ. तिच्याशिवाय खेळून दाखव मला," म्हणत तिनेच दांडा ओढून चेंडू सोडला.

लोवेलने दोन्ही हात बटणांवर ठेवले. चेंडू टणाटण आपटत डावीकडून खाली आला, अगदी त्याच्या लाडक्या वाटेने. आणि निसटून गेला. गेल्यावर फ्लिपर उचलला गेला.

"नाटकं करू नकोस," कॅरीन म्हणाली आणि पुढचा चेंडू सोडला. पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी तिने चेंडूकडे पाहिलंच नाही. तिने हाताकडे पाहिलं. डाव्या हाताची बोटं बटणावर रोवलेली होती, थरथरत होती. लोवेलने दात आवळले होते. चेंडू गेला, आणि मग कुठे फ्लिपर खटकन वाजला.

 डावखुरा माणूस. बटणांचे शर्ट, स्टेक कापायची सुरी, ट्रक, मोटेलची सही. सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि ती मात्र बापाच्या पाकिटावर पहारा देत बसली होती.

"कधीपासून?"

"नाताळच्या आसपास. डॉक्टर म्हणतात, ही कमजोरी पुढे उजव्या हातातही येईल. सावकाश."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू मला उचलून तुझ्याकडे नेलं असतंस. खिडकीपाशी खुर्ची दिली असतीस. वर ब्लँकेट."

ते खरं होतं, म्हणून तिला जास्त लागलं.

"तिला मात्र सांगितलंस."

"छे. बोलिंगला माझ्या हातून चेंडू पडला, ते तिने पाहिलं. विचारलं काहीच नाही. नुसती येऊन माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली. तेव्हापासून तिथेच आहे."

बर्नीस पॉपकॉर्न घेऊन आली. दोघांचे चेहरे तिने पाहिले.

"सांगितलं होतं ना मी, मी आल्यावर खेळ म्हणून?" ती लोवेलवर डाफरली.

कॅरीन डोळे पुसत बाजूला सरकली. बर्नीस पुढे झाली नाही.

"थांब तिथेच. तुझं बोट त्याच्या बोटावर ठेव. चेंडू त्या लाल दिव्यापाशी आला की दाब. हळूच हं. त्याला कळता कामा नये."

"मला सगळं कळतं," लोवेल म्हणाला.

"कळतं त्याला," बर्नीस कॅरीनला म्हणाली. "आपण तसं दाखवायचं नाही."

कॅरीनने बोट ठेवलं. बापाचं बोट गार होतं. चेंडू लाल दिव्यापाशी आला, तिने दाबलं आणि चेंडू सणसणत वर गेला. सगळ्या घंट्या एकदम वाजल्या.

"बघितलंस? डावा हात!" लोवेल ओरडला.

"बघितला, डॅड."

चेंडू वर अडकून खणखणत होता. कॅरीनने मान वर न करता विचारलं, "शनिवारी कोर्टात तुम्ही डॅडच्या डाव्या बाजूला उभ्या राहणार ना?"

"हो," बर्नीस जपून म्हणाली.

"मग मी उजव्या बाजूला उभी राहते."