बदली तास

तीस वर्षं मी शाळेचं वेळापत्रक केलं. चव्वेचाळीस शिक्षक, बावीस वर्ग, दिवसाचे आठ तास, आणि यातलं काहीही एकमेकांत सुखासुखी बसत नाही. तरी मी ते बसवत असे. खोडून खोडून कागदाला भोक पडायचं, पण शाळा उघडायच्या दिवशी तक्ता भिंतीवर लागलेला असायचा. त्यामुळे निवृत्त झाल्यावर आमच्या भागातल्या मदत मंडळाने मला बोलावलं, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. कुटुंबं बासष्ट, काम करणारे अकरा आणि नियोजन शून्य असा त्यांचा कारभार होता. मी गेले आणि आठवड्याभरात तिथेही भिंतीवर तक्ता लावला.

त्या तक्त्याचं कौतुक खूप झालं. बाहेरगावच्या दोन संस्था तो बघून गेल्या. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू?

मंडळाची खोली वाचनालयाच्या मागे होती. मध्ये एक लांब टेबल, त्याच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी, आणि कोपऱ्यात दार नीट न लागणारं लोखंडी कपाट. दर गुरुवारी चार ते सहा सभा. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते आणि त्यांचा दवाखाना साडेसहाला उघडायचा, म्हणून वेळ पक्की होती. तक्त्यावर प्रत्येक गरजेला मी एक रंग दिला होता. शिक्षण पिवळं, औषधं हिरवी, घरदुरुस्ती निळी, कपडे-अंथरूण गुलाबी. यात न बसणाऱ्या मागण्यांसाठी ‘इतर’ असा एक रकाना ठेवला. तोवर रंगीत कागद संपले होते, म्हणून त्याला खाकी वेष्टनाचा कागद लावला. जागाही संपत आली होती, म्हणून तो सर्वांत खाली गेला. कपाटाचं दार उघडलं की तो झाकला जायचा, आणि ते दार बहुतेक वेळ उघडंच असायचं. सभेतही ‘इतर’ शेवटी यायचं. तोवर बिस्किटं संपलेली आणि डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागलेले असायचे.

अर्जाचा नमुनाही माझाच. ‘आपली गरज एका ओळीत लिहा.’ एक ओळ म्हटलं नाही तर लोक चार पानं लिहितात आणि पाचव्या पानावर मुद्द्याला येतात.

बायंडरचा अर्ज आला तो खरोखरच एका ओळीचा होता. ‘महिन्यातून एक गुरुवार, चार ते सहा, घरी बसायला कुणीतरी हवं.’

हा बायंडर मला चांगला माहीत होता. दर सुट्टीत तो शाळेत यायचा आणि व्हरांड्यात बसून हजेरीपटांची, वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांची बांधणी करायचा. त्याची बायको तर माझ्याच शाळेत शिवण शिकवायची. शिवणाच्या बाई.

त्यांच्याविषयी सांगायचं तर आधी बदली तास म्हणजे काय ते सांगायला हवं. एखादा शिक्षक आला नाही की त्याच्या वर्गावर ज्याचा तास मोकळा असेल त्याने जाऊन बसायचं. शिकवायचं काही नसतं, नुसतं बसायचं असतं, आणि म्हणूनच ते कुणालाही नको असतं. सकाळी मी वही घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिले की एकाला फोन यायचा, दुसऱ्याचं डोकं उठायचं, तिसरा खडू आणायला जायचा तो तास संपल्यावरच परतायचा. शिवणाच्या बाई मात्र सुई कापडात टोचून ठेवायच्या, उठायच्या आणि विचारायच्या, “बाई, कुठल्या वर्गावर बसू?” नाही म्हणायच्या नाहीत, म्हणून मी त्यांनाच पाठवायची. मऊ लागलं म्हणून कोपराने खणायचं, तसलाच तो प्रकार. त्यांना आठवड्याला सहा तास मोकळे होते. त्यांतले दोनसुद्धा त्यांना मिळाले असतील असं मला वाटत नाही.

अर्ज आला की घरी जाऊन बघायचं, हा नियम होता. मी गेले. दोन खोल्या. पुढच्या खोलीत त्याचं काम : भिंतीला लावलेला लोखंडी दाब, सरसाचं भांडं, दोऱ्याच्या लडी, अर्धवट शिवलेल्या वह्यांची चळत. शिवणाच्या बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसल्या, आणि मी कोण हे त्यांना कळलं नाही.

“दोन वर्षं झाली,” बायंडर म्हणाला. “कधी ओळखते, कधी नाही. एकटं सोडता येत नाही.”

त्याचा उजवा डोळा आधीच गेला होता. डाव्यात दर महिन्याला सुई घ्यावी लागायची. डोळ्यांचे ते डॉक्टर पुलापलीकडच्या रुग्णालयात महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारीच यायचे, दुपारी चारला. आधी बाईंजवळ शेजारीण बसायची, पण ती दुसरीकडे राहायला गेली होती. मुलगी परदेशी. एकदा तो बाईंना बरोबर घेऊन गेला. सुईनंतर त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि तेवढ्यात बाई उठून चालू लागल्या. अंधार पडता पडता त्या शाळेच्या फाटकाशी सापडल्या, फाटक उघडायची वाट बघत.

“सुया चुकल्या तर?” मी विचारलं.

“तर हाही जाईल. डॉक्टर स्पष्ट बोलले.” मग तो थोडं हसून म्हणाला, “मला काही वस्तू नको, बाई. दोन तास माणूस द्या.”

मी म्हटलं, “बघते. करू काहीतरी.” आणि माझ्या वहीत ‘इतर’ असं लिहिलं.

त्याच गुरुवारी मी तो अर्ज सभेत वाचला. सहा वाजायला पाच मिनिटं होती. मी वाचलं, “गुरुवारी चार ते सहा,” आणि मीच पुढे म्हणाले, “म्हणजे आपल्यापैकी कुणीच कामाचं नाही. त्या वेळी आपण इथे लोकांना मदत करत असतो.”

सगळे हसले. आमचे अध्यक्ष डॉक्टर तर खोकला येईपर्यंत हसले. तो विनोद माझा होता. दुसऱ्या कुणी केला असता तर आज त्याच्यावर खापर फोडता आलं असतं.

हसून झाल्यावर डॉक्टर गंभीर झाले. “कुणाच्या घरात माणूस पाठवायचा म्हणजे जबाबदारी असते. उद्या काही झालं तर? यासाठी रीतसर योजना हवी.” ते चुकीचं बोलत होते असंही नाही. योजना म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मी लगेच वही उघडली.

घरी धाकट्या बहिणीला हे सांगितलं. ती माझ्याकडेच राहते, आणि तिच्या तोंडाला लगाम नाही.

“मग तूच जा की,” ती म्हणाली. “महिन्यातला एक गुरुवार. तीन गल्ल्या तर ओलांडायच्यात.”

“आणि सभा?”

“सभा काय, तुझ्याशिवाय बुडेल?”

“बुडेल,” मी म्हणाले. “तुला नाही कळायचं. एका घरासाठी मी गेले तर बासष्ट घरांचं काय?”

“काखेत कळसा नि गावाला वळसा,” ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

योजनेचं नाव ‘सोबत’ ठेवलं. नाव ठरवायलाच दोन सभा गेल्या. मग नियम : एका घरी दोन माणसं जावीत, त्यांतली एक बाई असावी. मग ओळखपत्र. मग ओळखपत्रावर फोटो असावा की नसावा. मग एका दिवसाचं प्रशिक्षण, आणि ते देणाऱ्या बाईंची तारीख तीन महिन्यांनंतरची. कागदी घोडे असे नाचवले की कुणालाही वाटावं मोठी लढाई चाललीय. मी मात्र खूश होते. गोष्ट रीतीने होत होती.

मधल्या काळात बायंडर दोनदा भेटला. पहिल्यांदा भाजीच्या दुकानापाशी. बाईंचा हात त्याने घट्ट धरला होता.

“माझ्या कागदाचं काय झालं, बाई?”

“चालू आहे. नुसती तुमचीच सोय नाही, सगळ्यांसाठीच योजना होतेय.”

“बरं,” तो म्हणाला. “या महिन्याचा गुरुवार गेला. पुढच्या महिन्याचं बघा तेवढं.”

दुसऱ्यांदा भेटला तेव्हा बाईंच्या मनगटाला पट्टी होती. त्याने न विचारता सांगितलं. बाहेरून कुलूप लावून तो रुग्णालयात गेला होता. परत आला तर बाईंनी खिडकीची काच फोडून हात बाहेर काढला होता आणि रस्त्यावरच्या लोकांना त्या सांगत होत्या, मला वर्गावर जायचंय, तास सुरू झाला. तो हे सांगताना आवाज चढवून बोलला नाही. “आता कुलूप नाही लावणार,” एवढंच म्हणाला.

म्हणजे आता तो जाणार नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही असंही म्हणवत नाही. कळलं, आणि मी मनात म्हटलं, प्रशिक्षणाला सहाच आठवडे उरलेत.

अर्ज आल्यापासून आठव्या महिन्यात योजना तयार झाली. छापील माहितीपत्रक, शिक्का, नवा अर्ज. पहिलं कुटुंब कुणाचं, यावर वाद झालाच नाही. मी स्वतः म्हणाले, बायंडरचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन त्याच्या घरी गेले. चांगला जाड कागद निवडला होता, त्याच्या हातात द्यायचा म्हणून मुद्दाम.

दार उघडं होतं. पुढची खोली ओळखू येत नव्हती, इतकी आवरलेली. सरसाचं भांडं धुऊन उपडं ठेवलेलं. वह्यांची चळत नाही, दोऱ्याच्या लडी नाहीत. तो दाबाशेजारच्या स्टुलावर बसला होता.

“कोण?” त्याने विचारलं.

मी त्याच्या समोर उभी होते.

“मी. मंडळातली.”

“बाई होय. या.” त्याने हाताने खुर्ची चाचपली आणि माझ्याकडे सरकवली. मी बसले. तोंडात तयार होतं तेच बोलले. योजना मंजूर झाली, दुसऱ्या गुरुवारी दोघं येतील, इथे सही करा. आणि कागद त्याच्या हातात दिला.

त्याने तो दोन बोटांत धरला. अंगठा कडेवरून फिरवला, एक कोपरा किंचित दुमडून सोडला.

“कागद चांगला आणलात,” तो म्हणाला. “सही कुठे करायची?”

मला रडू आलं. आवाज केला नाही, पण त्याला कळलं असावं.  तो म्हणाला, “सही करतो, पण उपयोग काय? आता मला कुठं जायचंय?”

“कधी झालं?”

“होतच होतं. गेल्या महिन्यात पुरतं.” त्याने कागदाची व्यवस्थित घडी घातली. कडेला कड तंतोतंत जुळली होती. “तुम्हाला बोल लावत नाही, बाई. तुमच्याकडे केवढी घरं.”

त्याने बोल लावला असता तर बरं झालं असतं. घरी येऊन धाकटीला सांगितलं. वाटलं, ही तरी बोलेल, बैल गेला नि झोपा केला, असलं काहीतरी.  तिने नुसता माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारी बसली.

पुढच्या गुरुवारी मी सभेला गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सभा बुडली नाही. डॉक्टरांचा निरोप आला की तक्ता आता औषधांच्या दुकानवाल्यांची सून बघते आणि ठीक चाललंय.

आता दर गुरुवारी चार ते सहा मी बायंडरकडे बसते. महिन्यातला एक नाही, सगळे. त्याला कुठेही जायचं नसतं. तो स्टुलावर बसून कोऱ्या कागदांच्या घड्या घालतो, बोटं गप्प राहत नाहीत म्हणून. मी पेपर वाचून दाखवते. कधी तो म्हणतो, “बाई, तुम्ही कशाला वेळ घालवता?” मी पुढची बातमी वाचायला घेते. उत्तर दोघांनाही माहीत आहे.

शिवणाच्या बाई खिडकीशी असतात. काच नवी बसवली आहे. बहुतेक वेळा मी त्यांच्या लेखी कुणीच नसते. पण गेल्या गुरुवारी त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मांडीवरचा रुमाल खाली ठेवला, खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, आणि तोच जुना आवाज.

“बाई, आज कुठल्या वर्गावर बसू?”

“कुठल्याच नाही,” मी म्हणाले. “आज तुमचा तास मोकळा आहे. तुमच्या बदली मी बसलेय.”

 त्या हसल्या, लहान मुलाच्या थापेला हसावं तशा.

“छे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कधी बसलात?”

आणि दाराकडे निघाल्या.