घासलेटचं नितळ औषध

माझ्या धाकट्या भावाला, फारुकला, मुंबईच्या साबणाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि माझं डोकं उठलं. सुट्टीला माझ्याकडे केळशीत आला की साबणाशिवाय दुसरा विषय नाही.

त्या साली मोहोरावर तुडतुडे पडले. नवरा बोटीवर. थोरले दीर मुसाभाई बजावून गेलेले, "हफीजा, यंदा आंबा गेला तर बाग मी बघणार. बाईमाणसाचं काम नव्हे ते." म्हणजे बाग हातची गेलीच म्हणायची!

दरवर्षी आम्ही तारली माशाच्या तेलाच्या साबणात घासलेट घुसळून फवारायचो. यंदा विहीर खारट झालेली. साबण नासल्या दुधासारखा फाटला, घासलेट वर तरंगलं.

"फाटणारच, बुबू," फारुक म्हणाला. "साबणाच्या प्रत्येक कणाला डोकं असतं नि शेपटी..."

"अरे, मोहोर गळतोय नि तू शेपट्या कसल्या मोजतोस!"

"ऐक तर. डोकं पाण्याला धरतं, शेपटी तेलाला. तारलीच्या साबणाची शेपटी लांब, वाकडी. तो खारट पाण्यात टिकत नाही. खोबरेलाच्या साबणाची आखूड, सरळ. तो टिकतो."

मी कपाळावर हात मारला, पण खोबरेलाचा साबण शिजवून त्यात घासलेट घुसळलं. करणार काय! मग त्याने कारखान्यातून आणलेलं उग्र वासाचं अल्कोहोल त्यात ओतलं. ते म्हणे साबणाच्या कणांमधे शिरतं, मग तेलाचे थेंब इतके बारीक होतात की दिसतसुद्धा नाहीत. आणि खरंच, पांढरं औषध ढवळता ढवळता नितळ झालं. वरच्या दोन झाडांवर मारलं. तुडतुडे मेले, मोहोर शाबूत. इतका जीव भांड्यात पडला म्हणून सांगू!

उरलेलं पिंप अंगणात ठेवून आम्ही जेवायला बसलो. तेवढ्यात माझ्या सासूने, रहिमाने, पिंपात डोकावून पाहिलं. जन्मभर नारळाचा रस काढलेली बाई. तिला वाटलं, हे तर नुसतं पाणी! पांढरं होईपर्यंत तिने घासलेट ओतलं. सदू गड्याला ते नेहमीसारखंच दिसलं, त्याने खालच्या ओळीवर मारून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिथला मोहोर करपून काळा!

"मां, विचारायचं तरी!" मी ओरडले.

"रस पांढरा नको का गो?"

"जास्त तेल साबणाला पेलत नाही, बुबू, शेपट्यांना..." फारुक सुरू झाला.

"तुझ्या शेपट्या आवर आधी!" रडू नि राग दोन्ही एकदम आले मला.

मुसाभाई आले. करपलेली ओळ बघून म्हणाले, "बघितलंस? आता बाग माझ्याकडे."

मुसाभाईंपुढे कधी आवाज न चढवणारी सासू ओटीवरून खाली उतरली.

"झाडं मी जाळली, मुसा. हिने वाचवलेली दोन वर उभी आहेत, ती बघून ये. बाग हिच्याकडेच राहील."

मुसाभाई वर गेले, झाडं बघून आले आणि कुंपणाच्या बेड्यातून बाहेर पडले. सासू माझ्याकडे वळली.

"बघत काय राहिलीस? उरलेल्या झाडांचं औषध कर. मी हात लावणार नाही."