फक्त माणसं दाखवा

मानोऱ्याच्या अलीकडच्या तांड्यात कुणाला मोबाइल घ्यायचा असला, तर तो आधी तांडाप्रमुख नाईकाला नाही, बायकोला नाही, किशनला विचारायचा. किशन ऊसतोडीला जाणारा माणूस. दहावी पास, वय चौतीस, हाताला कोयत्याचे घट्टे. पण त्या हातात नवा फोन दिला, की बाजारात बैलाचे दात पाहावेत तसा तो त्याला उलटापालटा करून पाहायचा.

"मेगापिक्सेलवर नको जाऊ, बाबूलाल. शंभर लिहिते आन् अंधारात फोटो काढला का भूत दिसते. आतला सेन्सर केवढा हाये ते पाह्य."

पॉवर बँकेवर छापलेल्या आकड्याच्या निम्मा धरायचा. घड्याळातला बीपी खोटा, पावलं खरी. चार्जर डब्यात देत नाहीत ती कंपनी लबाड. अशी त्याची मतं, आणि तांड्यात ती कुणी खोडत नसे. खरं सांगायचं तर मतं बहुतेक बरोबरही निघायची. वाईट एवढंच, की माणसाची दहा मतं बरोबर निघाली की अकरावं तो तपासून पाहत नाही.

यंदा दिवाळी झाली आणि टोळी निघायच्या आठ दिवस आधी किशननं कॅमेरा आणला. सिमकार्डावर चालणारा, वर हातभर सोलरची पाटी, मान फिरवून चहूकडे पाहणारा. घ्यायचं कारण त्याची आई. तांड्यात आईला याडी म्हणतात. रूपाबाई सत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले, आवाज बसलेला. किशन आणि त्याची बायको रेणू पाच महिने सांगलीकडच्या उसात, दोन्ही लेकरं आश्रमशाळेत, आणि याडी इथं एकटी, एका शेळीच्या आणि चार कोंबड्यांच्या सोबतीनं.

याआधी सात-आठ वर्षं हे सगळं मोतीबाईनं सांभाळलं होतं. मोतीबाई समोरच्या घरची, किशनची काकी लागायची. सकाळी एकदा आणि दिवेलागणीआधी एकदा ती फाटकातून हाक मारायची, "रूपा, हायेस का वं?" रूपाबाईचा आवाज तिथवर पोचत नसे, म्हणून ती ताटलीवर पळी वाजवायची. ताटली वाजली की मोतीबाई आपल्या कामाला लागायची.

यंदाही टोळी निघाली तेव्हा ती म्हणाली, "बिनघोर जाय. मी हावो इथं."

जीपभोवती सगळा तांडा जमला होता, आणि चार माणसांसमोर बोलायची किशनला भारी हौस. "आता हाका मारायचा जमाना गेला, काकी. आंगनात कोनी पाय ठेवला का माह्या फोनवर माहीत पडते. तू आपले गुडघे सांभाळ."

लोक हसले. मोतीबाईही हसली, पण तोंडापुरतं. "हाक मंग उंटावरून शेळ्या," ती म्हणाली.

"उंट नाई काकी, फोर जी!"

आईची शिकवणी त्यानं आदल्या दिवशीच उरकली होती. भिंतीवरच्या पांढऱ्या गोळ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "याडी, काई लागलं का याच्याइकडे तोंड करून बोलजो. मी आयकतो." हे अर्धंच खरं होतं. त्यानं फोनवर ते उघडलं असलं तरच त्याला ऐकू येणार होतं. नाहीतर तिचं बोलणं नुसतं आत साठून राहणार होतं. पण एवढं तिला कुठं समजावत बसायचं, म्हणून त्यानं सांगितलंच नाही. रूपाबाईनं त्या गोळ्याकडे पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला. लेकाचा डोळा म्हणजे काय साधी गोष्ट!

फडात गेल्यावर पहिले पंधरा दिवस फोननं जीव खाल्ला. कोंबडी अंगणात आली, टिंग. शेळी उठली, टिंग. कुत्रं आलं, कुत्रं गेलं, पुन्हा शेळी. प्रत्येक वेळी पडद्यावर पंजाचं चित्र आणि खाली 'प्राणी दिसला'. मुकादम उदयसिंग वैतागला. "किशन, खिशात खुराडं घेऊन आला काय बे तू?"

दुपारी बांधावर भाकरी खाताना किशननं त्यावरचा इलाज सगळ्यांना दाखवला. "याले मेंदू असते. माणूस कोन्ता आन् जनावर कोन्तं, हे त्याले समजते. जुन्या कॅमेऱ्यात हे नव्हतं. आता पाहा." त्यानं सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त माणसं दाखवा' यावर बोट ठेवलं. फोन गप्प झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बरोबर एकदा टिंग झालं, 'माणूस दिसला'. उघडून पाहतो तर याडी शेळीला चारा टाकत होती. टोळीतल्या दोघांनी तिथंच बसून कॅमेऱ्याचं नाव लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात आणखी एक टिंग झालं. मोतीबाई अंगणात आली होती, हातात वाटी घेऊन. दहा जण भोवती बसलेले. किशनला राहवलं नाही. त्यानं बोलायचं बटण दाबलं आणि इकडून आवाज टाकला, "काय पाह्यजे, काकी?" तिकडं मोतीबाई दचकली. वाटी हातातून पडली, कढी मातीत सांडली. इकडं हसून हसून लोकांची पोटं दुखली. मोतीबाई वर बघत म्हणाली, "काई नाई रे बाप्पा. द्याले आली होती, न्याले नाई." वाटी उचलून ती गेली. चोरासारखं विचारलं तिला, आणि तेही तिनं आठ वर्षं राखलेल्या अंगणात. त्यानंतर तिनं त्या फाटकाला हात लावला नाही, की हाक मारली नाही.

रेणू अधूनमधून म्हणायची, "एक डाव उघडून याडीले पाह्य ना."

"सारखं उघडून पाहनारा अडानी," किशन म्हणायचा. "डेटा जाते, तिकडची बॅटरी उतरते. मशीन आपल्यासाठी पाहून राह्यली, मंग आपुन काहून पाहाचं? टिंग नाई वाजलं म्हंजे समदं ठीक."

डिसेंबरातला तो दिवसही तसाच सुरू झाला. साडेसहाला टिंग झालं, याडी चारा घेऊन चालली होती. किशननं रेणूला फोन दाखवला आणि कोयता उचलला. दिवसभर फोन गप्प. थंडी आहे, आत शेकत बसली असेल. संध्याकाळी साडेपाचला गाडीत मोळ्या चढवताना पुन्हा टिंग झालं. पडद्यावर मोतीबाई, शेळीचं दावं हातात धरून. किशनच्या कपाळाला आठी पडली. "हे बुडी आली पाह्य परत. इतकं सांगतलं तरी समजत नाई."

आठी उतरायच्या आत फोन वाजला. मोतीबाईचाच होता. सुटलेली शेळी तिच्या तुरीत शिरली होती, म्हणून ती भांडायला आली होती. "किशन, तुही याडी भिंतीखाली पडून हाये. थंडगार झाली. जीव हाये अजून. तुह्या मशीननं सांगतलं नाई का रे तुले?"

रूपाबाईला तांड्यातल्यांनी जीपमध्ये घालून वाशिमला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. किशन आणि रेणू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. जो भेटेल तो एकच विचारी, "कॅमेरा होता ना?" किशन म्हणे, "त्या दिवशी रेंज नव्हती." मिळेल त्या कंपनीला शिव्या देणारे लोक, त्यांना ते लगेच पटलं.

रेंज होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून त्यानं ॲप उघडलं आणि कधी न उघडलेली प्राण्यांची यादी काढली. त्या दिवशीच्या तिथं त्रेचाळीस नोंदी होत्या, प्रत्येकीवर तो पंजा. पहिल्या सहा शेळीच्या आणि कोंबड्यांच्या. सातवीत याडी होती.

शेळीनं दावं ओढलं असणार. याडी खुंट्याजवळ आडवी पडली होती. मग दोन्ही कोपरांवर उठून ती सरपटायला लागली, एक पाय मागं ओढत. उभं माणूस मशीनला माणूस वाटतं; जमिनीवर सरपटणारी म्हातारी त्याला शेळी वाटली. आणि शेळ्यांचं काही सांगू नको, हे किशननंच त्याला बजावलं होतं.

रेणू शेजारी येऊन बसली होती. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "फाटक तं हे इथं हाये. दहा पावलं. तिकडे गेली असती तर काकीनं आयकलं असतं."

याडी फाटकाकडे गेलीच नव्हती. एकदा तिनं तिकडे मान वळवली, आणि मग भिंतीकडे वळली. कॅमेऱ्याकडे. पंचवीस पावलांचं अंगण तिनं दीड तासात पार केलं, कारण बोलायचं असलं तर याच्याकडे बोल, असं लेकानं सांगितलं होतं. मग ती बोलली. प्रत्येक वेळी दहा-बारा सेकंद, तेवढंच ते मशीन टिपायचं.

"किशन, पडली मी. पाय उचलत नाई."

"रेणूले सांग, शेळी सुटली."

"पानी पाह्यजे होतं."

सगळ्यात शेवटच्यात ती कॅमेऱ्याच्या अगदी खाली आली होती. चेहरा दिसत नव्हता, फक्त पदराचं टोक. आवाज तेवढा येत होता. "कामात असशील बाप्पा. सवड झाली का पाह्य." वेळ सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. त्यानंतर पुन्हा शेळी, कोंबड्या आणि कुत्रं, संध्याकाळपर्यंत.

रेणू उठली आणि वॉर्डात गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर किशनला बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं रूपाबाई घरी आली, खाटेला खिळून. किशन आणि रेणू फडावर परतले नाहीत. मोतीबाई पुन्हा येऊ लागली, दोन्ही वेळा. किशनशी ती बोलत नसे. रेणूनं तिला ती यादी दाखवली होती.

एका सकाळी किशन शिडी लावून कॅमेरा काढायला चढला. दारातल्या खाटेवरून रूपाबाई पाहत होती.

"काहून काढून राह्यला?"

"आता मी हावो ना इथंच, याडी."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग जे तिनं महिनाभर कुणालाच विचारलं नव्हतं, ते विचारलं. "त्या दिवशी पाह्यलं होतं का तू मले?"

किशनचे हात स्क्रूवर थांबले. नाही म्हटलं, तर का नाही ते सांगावं लागणार. तुला शेळ्यांत धरलं होतं, याडी, आणि शेळ्यांचं सांगू नको, असं मीच म्हटलं होतं. हे वाक्य त्याच्यानं आईला सांगवेना. रेंजची थाप तयार होती, पण तीही तिच्यापुढं जिभेवर येईना.

"पाह्यलं होतं," तो म्हणाला.

रूपाबाईच्या तोंडावर महिन्याभरात पहिल्यांदा समाधान दिसलं. मोतीबाई दुधाची वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिच्याकडे वळून रूपाबाई म्हणाली, "पाह्य, मी म्हनलं नव्हतं का तुले? पोरगा पाहून राह्यला होता. सुट्टी नसन भेटली."

मोतीबाईनं किशनकडे एकदा पाहिलं. वाटी खाली ठेवली, कोनाड्यातली ताटली आणि पळी काढून खाटेवर रूपाबाईच्या हाताशी ठेवली, आणि निघून गेली.

"राहू दे तो तिथंच," रूपाबाई लेकाला म्हणाली. "तुले फिरून जा लागन कामाले. मले धीर राह्यते."

किशननं स्क्रू पुन्हा आवळला. खाली उतरून तो दोन पावलं मागं सरकला, कॅमेरा सरळ बसला का ते पाहायला. गोळ्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या खिशात टिंग वाजलं. त्यानं सवयीनं फोन काढून बघितलं. पडद्यावर तोच होता, आणि खाली लिहिलं होतं, 'माणूस दिसला'.