सत्तर सेंटिमीटरचं पाऊल

"थांबा बाई, बोलू नका. अजून दोनशे बारा राहिलीत."

इवाओ कोमात्सु कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या, पावलं मोजणाऱ्या पेडोमीटरवर नजर ठेवून नदीच्या बांधावरून चालले होते. शेजारच्या मियाशिता बाई गप्प झाल्या. पण चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं माणूस गप्प तरी किती वेळ राहणार?

"आणि ती दोनशे बारा संपली की?"

"आओमोरी. किकुएचं गाव."

पाय अर्थातच मात्सुमोतोतच होते. मोहल्ल्यातल्या चालणाऱ्या मंडळींची ही जुनी गंमत होती. आरोग्य केंद्रातून यंत्र मिळालं की ज्याने त्याने नकाशावर एक लांबचं ठिकाण निवडायचं, रोज याच बांधावर चालायचं आणि यंत्र दाखवील तितके किलोमीटर नकाशावरची टाचणी पुढे न्यायची. तोफूवाला इसेच्या देवळाला निघाला होता. इवाओ निघाले होते बायकोच्या माहेरी. सातशे सत्तर किलोमीटर. रोजची दहा हजार पावलं, म्हणजे सात किलोमीटर. आज एकशे दहावा दिवस होता.

लग्न नवं असताना त्यांनी बढाई मारली होती, "निवृत्त झालो की तुला चालत माहेरी नेईन." ते निवृत्त झाले तोवर किकुएचे गुडघे गेले होते, आणि मग तीही गेली. येत्या रविवारी तिचं तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध होतं. त्या दिवशी तिच्या फोटोसमोर बसून "पोचलो बघ" एवढंच त्यांना म्हणायचं होतं. त्यासाठी आओमोरीचं एक सफरचंदही आणून ठेवलं होतं. मात्सुमोतोच्या सफरचंदांना ती जन्मभर पाणचट मुळे म्हणत आली होती.

"कोमात्सुसान, एक शंका आहे."

"आत्ताच?"

"माझं पाऊल अठ्ठेचाळीस सेंटिमीटरचं. मी मोजलंय. तुमचं किती?"

"सत्तर. यंत्रात तेच भरलंय. गॅसचे मीटर वाचायला दिवसाला तीनशे घरं फिरायचो, तेव्हापासून सत्तर."

"मग मी तुमच्या बरोबरीने कशी चालतेय? पळत तर नाही ना मी?"

इवाओंनी पहिल्यांदाच यंत्रावरून नजर उचलली. बाई खरंच पळत नव्हत्या. छत्री टेकत निवांत चालल्या होत्या.

"तुम्ही भरभर टाकत असाल."

"असेन. पण मोजल्याशिवाय मानायचं नाही, असं मी तुमच्या मुलीलाच शिकवलंय. हा शंभर मीटरचा दगड, आणि तो पुढचा. सत्तरच्या पावलाने किती व्हायला हवीत? एकशे त्रेचाळीस. चला."

ते निघाले. पुढच्या दगडाशी यंत्र पाहिलं, तर दोनशे पावलं झाली होती.

"बिघडलंय हे."

"परत या पाहू."

परत येताना दोनशे एक.

"यंत्राला का बोल लावता? त्याने पावलं बरोबर मोजली. लांबी त्याला तुम्ही सांगितलीत." बाईंनी छत्रीच्या टोकाने मातीत गुणाकार मांडला. "अकरा लाख पावलं, अर्धा मीटर एक. साडेपाचशे किलोमीटर. तुम्ही अजून वाटेतल्या अकितातच आहात."

इवाओ मातीतल्या आकड्यांकडे पाहत राहिले. अजून दोनशेवीस किलोमीटर. चव्वेचाळीस दिवस. आणि रविवार चार दिवसांवर.

"म्हातारपण, दुसरं काय!" ते पुटपुटले.

"गुडघे दुखतात?"

"छे."

"कंबर?"

"बाई, डॉक्टर नाही गाठ पडला, तर तुम्ही गाठ पडलात."

"मग सत्तरचं टाकून दाखवा."

त्यांनी टाकलं. पाय सहज लांब पडला. दहा पावलं, पंधरा पावलं ते कवायतीतल्यासारखे गेले. विसाव्याला पाय आपोआप आखडला आणि पुन्हा अर्ध्या मीटरवर आला. बाईंचे डोळे चमकले. वर्गात एखाद्या पोराने भलतंच उत्तर आणलं की चमकायचे तसेच.

"जमतंय, पण राहत नाही. म्हणजे मोडलं नाही, सवय लागलीय. कुणाची लागली?"

इवाओंनी वळून मागच्या बांधाकडे पाहिलं. पूर्वी या बांधावर ते पुढे निघून जायचे आणि मागून हाक यायची, "अहो, जरा थांबा की!" मग गुडघे गेल्यावरची सहा वर्षं. रोज संध्याकाळी किकुए त्यांची बाही धरून चालायची. बाही ताणली की ते पाऊल आखडायचे. पुढे पुढे बाही ताणायची बंद झाली. तिला वेग आला असेल, असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी दोन तळवे समोर धरले, मधे अर्धा मीटर ठेवून.

"हिचं एवढं होतं," ते म्हणाले.

बाईंनी छत्री झटकून माती काढली. म्हणाल्या, "आपल्या चालण्याच्या मंडळात सगळ्यांची पावलं एकत्र करता येतात. माझी घ्या, तोफूवाल्याची घ्या. रविवारपर्यंत पोचाल."

"दुसऱ्याच्या पावलांनी कुणी सासुरवाडीला जातं का, बाई?"

"तेही खरंच."

"आणि सत्तर म्हणून सांगितलं, तर ती ओळखेल. मागून चाललीय ती इतकी वर्षं."

घरी येऊन त्यांनी नखाने यंत्राची कळ दाबली आणि सत्तरचे पन्नास केले. नकाशा त्यांनी खोलीच्या कागदी दारावर चिकटवला होता. कालची टाचणी गावाच्या अगदी अलीकडे होती. ती उपटली आणि मोजून अकितात खोचली.

रविवारी भिक्षू मंत्र म्हणून गेले, पाहुणे जेवून गेले. सफरचंद न कापता फोटोसमोर तसंच राहिलं. इवाओ गुडघे मोडून बसले. दारावर ऊन आलं होतं. रोज टाचणी हलवल्याची भोकं मात्सुमोतोपासून समुद्राच्या कडेकडेने उजळली होती, अकितापर्यंत आणि अकिताच्याही पुढे, जिथे ते अजून गेलेच नव्हते.

"जरा थांब की," ते फोटोला म्हणाले. "येतोय."

मग उठून त्यांनी यंत्र पट्ट्याला लावलं आणि बूट घालायला दाराशी बसले.