बोटीचा उंबरठा

उकंडरावचा आपल्या साडभावावर काडीचा विश्वास नव्हता. का नव्हता, असं कुणी विचारलं असतं तर मात्र त्याची पंचाईत झाली असती, कारण नारायणरावानं त्याचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. पण दोन बहिणी दोन घरी दिल्या की सासरवाडीत जावयांची तुलना होतेच. नारायणराव थोरला, वडनेर भोलजीला हमरस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. उकंडराव धाकटा, संग्रामपूरकडच्या खेड्यातला सुतार. थोरला गोड बोलला की धाकट्याला त्यात टोमणा ऐकू यायचा, आणि गप्प बसला की त्यात डाव दिसायचा. अशा माणसाला खूश ठेवणं देवालाही जमलं नसतं.

तशात ती बोट आली.

सातपुड्याच्या पायथ्याशी, धरणाच्या काठावर महामाया मॅडमनी पाण्यावरच्या खेळांचा तळ सुरू केला होता. मॅडम खामगावच्या, अंगानं शिडशिडीत आणि बोलायला रोखठोक. त्यांनी पुण्याकडून एक स्की बोट आणली. पांढरीशुभ्र, बुटकी, जोरात पळणारी. मागे दोरी धरून माणूस पायातल्या पाट्यांवर उभा राहतो आणि पाण्यावरून घसरत जातो. आजूबाजूच्या गावांतली माणसं ते बघायला येऊन बसायची आणि कोण कधी पडतो याची वाट बघायची.

बोट रात्रंदिवस पाण्यात ठेवली तर बुड खराब होतं, म्हणून तिच्यासाठी काठाजवळ लिफ्ट उभी करायची होती. पाण्यात रोवलेला लोखंडी सांगाडा, त्यात वरखाली होणारी चौकट, आणि बाजूला हातानं फिरवायचं चाक. चाक फिरवलं की तारेचा दोर गुंडाळत जातो आणि चौकट बोटीला घेऊन पाण्याबाहेर येते. चौकटीवर दोन लांब लाकडी तुळ्या बसवायच्या, जाड गालिचा गुंडाळलेल्या. त्यांना मॅडम बंक म्हणत. बोटीचं सगळं ओझं त्या दोन बंकांवर.

लाकडाचं काम उकंडरावला मिळालं आणि लोखंडाचं नारायणरावला. मॅडमनी दोघांना उभं करून नीट समजावलं.

"बोटीच्या पोटात लांबीनं दोन फासळ्या गेल्यात. बंक बरोबर त्यांच्या खाली आले पाहिजेत. मधे पंख्याचा दांडा आहे, बारीक पाती आहेत, तिथं काही टेकता कामा नये. बुडाला जसा उतार, तसाच उतार बंकांना. बोल्ट खालून मारा. वरच्या अंगाला लोखंडाचा कणसुद्धा नको. ही कडक दिसते, पण एकाच जागी भार पडला की तडकते."

मग उकंडरावकडे वळून म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बोट लिफ्टवर सुखरूप राहिली, तर तळाची राखण कायमची तुमच्याकडे."

हे ऐकून उकंडरावच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बैलगाड्या संपल्या, दारं-खिडक्या कारखान्यातून तयार येऊ लागल्या, सुताराला आता विचारतं कोण? कायमचं काम म्हणजे उरलेल्या आयुष्याची चिंता मिटली. तेवढ्यात त्यानं साडभावाकडे पाहिलं. नारायणराव हसत होता. तो काऊन हसला, या एका प्रश्नानं उकंडरावचं जेवण त्या संध्याकाळी गोड लागलं नाही.

"त्याचा पोरगा ऋत्विक घरी बसून हाये," तो बायकोला म्हणाला. "पोहता येते त्याले. त्याच्यासाठी नारायणराव डोळा ठेवून हाये माह्या नोकरीवर."

"दाजी तसे नाईत," सत्यभामाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"तुले काय समजते? आज बोटीवर हात फिरवून राह्यला व्हता. काय गोरीपान हाये म्हने! अशीच लागते नजर."

मग हे रोजचंच झालं. नारायणरावानं मोबाईलवर सांगाड्याचा फोटो काढला, नजर. मॅडमशी बाजूला जाऊन बोलला, डाव. चहा पाजला, म्हणजे तर नक्कीच काहीतरी शिजतंय. सत्यभामाबाई आधी नाही नाही म्हणायची. पुढं पुढं ती गप्प राहू लागली. मधेच एक दिवस ती बहिणीकडे, वडनेरला जाऊन आली. आल्यावर हातातली पिशवी तिनं परस्पर आत नेली. अक्कानं आपल्याविषयी काय काय विचारलं हे उकंडराव खोदून खोदून विचारत राहिला, पण ती म्हणाली, "काई नाई, वांगे देल्ले." बहिणीबहिणींचंही काही गुळपीठ आहे की काय, असा किडा तेव्हापासून त्याच्या डोक्यात शिरला.

तुळ्या त्यानं मन लावून केल्या. जुनं सागवान, गाठ नसलेलं, कडा रंध्यानं गोल केलेल्या. गालिचा गुंडाळायचं काम मात्र सत्यभामाबाईनं स्वतःहून मागून घेतलं. गाद्यांच्या खोळी शिवणारा हात तिचा. दुहेरी गालिचा असा ताणून तिनं खिळेचुका मारल्या की कुठं सुरकुती म्हणून नाही. "तुमी पाहून नका राहू, चहा घ्या," असं म्हणून तिनं त्याला ओट्यावर पाठवलं होतं. त्यानं चहा घेतला.

बोट बसवायच्या दिवशी सगळे काठावर जमले. चौकट पाण्याखाली सोडली, बोट हळूच मधे आणली, नारायणरावानं चाक फिरवायला घेतलं. बंक बुडाला भिडले आणि बोट वर येऊ लागली. पाणी निथळलं. मॅडमनी वाकून दोन्हीकडे पाहिलं. पंख्याचा दांडा मोकळा होता, पाती मोकळी होती, दोन्ही बंक फासळ्यांच्या रेषेत होते. त्या खूश झाल्या.

नारायणराव मात्र गुडघाभर पाण्यात उतरला. बोटीचं बुड आणि डावा बंक यांच्या मधल्या फटीत बोटं सरकवत सरकवत तो पार मागपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"उकंडराव, डाव्या अंगाले काहीतरी हाये बरं. बोट एका जागी टेकली अन् बाकीकडं पोकळ वाटून राह्यली. खाली घे, गालिचा उचलून पाहू."

उकंडरावच्या मस्तकात तिडीक गेली. अख्ख्या गावासमोर, मॅडमसमोर, माह्या लाकडात खोट काढून राह्यला! हाच तो डाव, ज्याची तो इतके दिवस वाट पाहत होता.

"लाकूड माहं हाये. रंधा मी मारला. तुमच्या लोखंडाचं तुमी पाहा."

"अबे पण पाह्यले काय हरकत..."

"गालिच्याले हात लावाचा नाई, सांगून ठेवतो."

मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "नवीन आहे, गालिचा दबून बसेल," त्या म्हणाल्या, आणि विषय तिथंच मिटला. नारायणराव हात पुसत बाहेर आला. काही बोलला नाही. म्हणजे मनात ठेवलं असणार, असं उकंडरावनं धरलं.

दसरा झाला. बोटीला हार घातला, नारळ फोडला. आणि त्यानंतर एका सकाळी बोट फेरी मारून आली तेव्हा तिच्या पोटात पाणी सापडलं. लिफ्टवर घेऊन खालून पाहिलं तर बुडाला तडा. डावीकडे, मागच्या अंगाला, बंकाच्या बरोबर वर. एका ठिपक्यापासून चहूकडे पसरलेला.

"हे कसं झालं?" मॅडमचा आवाज खाली गेला होता. चढला असता तर बरं, असं उकंडरावला वाटलं.

राखण गेली, दिवाळी गेली. पण त्याच क्षणी त्याला आठवलं, परवा तो घरी गेला असताना नारायणराव इथं येऊन गेल्याचं धरणाच्या पहारेकऱ्यानं सांगितलं होतं. पाना घेऊन लिफ्टखाली शिरला होता म्हणे. सगळे धागे धडाधड जुळले. संशयाला इतका चांगला पुरावा त्याला जन्मात कधी मिळाला नव्हता.

"नारायणरावनं केलं," तो म्हणाला. "मी नसतानी आले व्हते. बोल्ट पिळले, चौकट तिरपी केली. माही नोकरी पोराले पाह्यजे त्याईले."

नारायणराव तिथंच होता, धक्क्याचे कठडे जोडत. त्यानं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला.

"आलो व्हतो," तो म्हणाला. "मले चैन नव्हतं पडत. त्या दिवशी हाताले काही लागलं व्हतं. चौकट सरळ हाये का तेवढं पाह्यलं. गालिच्याले हात नाई लावला. तू नाई म्हनलं व्हतं."

"पाहा, आले व्हते! आपल्या तोंडानं सांगतात!"

मॅडमनी कठड्याचं काम तूर्तास थांबवायला सांगितलं. नारायणरावानं नळ्या गुंडाळल्या, यंत्र टेम्पोत चढवलं. जाताना उकंडरावजवळ आला. "माह्या हाताची खोट असन तर भरून देईन. नसन, तर कोणाची हाये ते तू पाह्य." त्याचा चेहरा पार उतरला होता. उकंडरावला वाटलं, चोरी पकडली की असाच उतरतो.

दुसऱ्या दिवशी बोट दुरुस्तीला बाजूला काढली, आणि मॅडमनी बंक नव्यानं गुंडाळायला सांगितले. उकंडराव एकटाच काठावर बसून चिमट्यानं चुका उपटत होता. डाव्या बंकाचा गालिचा मागच्या टोकाकडून सोलला आणि त्याचा हात थबकला.

लाकडावर घोड्याची नाल ठोकलेली होती.

पहिला विचार त्याच्या मनात कोणता आला असेल? नारायणरावानंच ठोकली! सवय अशी सहज सुटत नाही. पण नालेला लाल दोरा गुंडाळलेला होता, सत्यभामाबाई गुंडाळते तसा, आणि खिळे त्याच्याच डब्यातले होते. नालेची वरची कड बोटीच्या भारानं घासून चकचकीत झाली होती. नारायणरावाची बोटं जिथं थांबली होती, ती हीच जागा.

उकंडराव घरी आला तेव्हा सत्यभामाबाई ओट्यावर शेंगदाणे निवडत होती. त्यानं नाल तिच्या सुपात टाकली.

"हे काय हाये?"

तिनं ती सुपातून उचलली. "काढली काऊन?"

"ठोकली काऊन?"

"तुमीच रोज म्हनत व्हते ना, दाजीची नजर लागते, नजर लागते. आधी मले खोटं वाटे. मंग वाटलं, इतकं म्हनतात त असन. घराच्या उंबरठ्याले ठोकतो ना आपन नाल? बोटीचा उंबरठाच तो. म्हनून ठोकली."

"अन् तडा गेला, तवा काऊन नाई बोलली?"

"मले काय माईत नालेनं गेला?" तिचे डोळे भरले. "तुमी त सांगतलं, दाजीनं बोल्ट पिळले."

उकंडरावला स्वतःची लाज वाटली, आणि ती अशी वाटली की बायकोकडे बघवेना. नजर कुणाची लागली होती, हे त्याला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

तो नाल घेऊन आधी मॅडमकडे गेला आणि होतं तसं सांगून टाकलं. मॅडमनी नाल हातात घेऊन पाहिली.

"बोट होईल नीट," त्या म्हणाल्या. "पण ज्या माणसाला तुमच्या सांगण्यावरून मी घालवलं, त्याला तुम्हीच परत आणा. ते आले, तर तुम्हीही या. नाही आले, तर राखणीला मी दुसरं कुणी बघेन."

वडनेरच्या एसटीत उकंडराव वाटभर शब्द जुळवत राहिला. पाया पडावं, की आधी नाल दाखवावी? नारायणरावानं दारातूनच हाकललं तर? हाकलावंच त्यानं. आपण असतो तर काय केलं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दार उघडं होतं. आतून अक्काचा, अन्नपूर्णाबाईचा, आवाज आला, "कोन हाये? भाऊजी? या ना!" उकंडरावनं चपला काढल्या, पाऊल उचललं, आणि ते तसंच राहिलं.

उंबरठ्याचं लाकूड तेलपाण्यानं काळं पडलेलं होतं, आणि त्याच्या मधोमध नालेच्या आकाराची एक उजळ खूण. आजूबाजूला रिकामी भोकं.

"अक्का," तो खुणेकडे बोट दाखवत म्हणाला, "इथची नाल?"

"सत्यभामेनं नेली ना. तुमच्या बोटीसाठी मागतली. मी म्हनलं, बाजारातून नवी आनू. त हेच म्हने, नवीले काय करतं, आपल्या घराले पावली हाये ते दे. उकंडरावची नोकरी पक्की होऊ दे." तिनं हसत मागे आलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "यायनंच उपसून देल्ली."

मागून नारायणराव आला होता. उकंडरावनं खिशातून नाल काढली आणि मान खाली घालून पुढं केली. "डाव्या बंकात व्हती. गालिच्याखाली." एवढंच त्याला बोलता आलं. वाटेत जुळवलेलं सगळं वाटेतच राहिलं होतं.

नारायणरावानं नाल हातात घेतली. घासून चकचकीत झालेल्या कडेवरून त्यानं अंगठा फिरवला. त्याच्या तोंडावर राग आला, तो उकंडरावला स्पष्ट दिसला. मग नारायणराव शेजारच्या आपल्या दुकानात गेला आणि हातोडी आणि खिळे घेऊन आला.

हातोडी त्यानं उकंडरावच्या हातात दिली. स्वतः खाली बसला, नाल उजळ खुणेवर ठेवली, भोकात खिळा उभा केला आणि तो आपल्या दोन बोटांत धरला.

"मार," तो म्हणाला.

"बोटं काढा ना, नारायणराव. माहा हात थरथरून राह्यला."

"दिसते मले," नारायणराव म्हणाला. बोटं त्यानं काढली नाहीत. "मार."