देवडीची खोटी खिडकी

हवेलीच्या फाटकाशी असलेली ती देवडी दिसायला मोठी देखणी. समोर चार खांब, वर त्रिकोणी कपाळ, मधोमध दार आणि दोन्ही बाजूंना एकेक खिडकी. काउंटी कॉर्कच्या त्या रस्त्यावरून जाणारे माना वळवून बघायचे. पण मेली उजवी खिडकी होती खोटी! भिंतीवर रंगवलेली तावदानं, रंगवलेला लेसचा पडदा. आणि फाटक उघडणाऱ्या कुटुंबाला राहायला दिलेली खोली नेमकी त्याच भिंतीमागे. डावी, उजेडाची खोली हवेलीच्या पाहुण्यांसाठी कुलपात.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी गावात घरोघर खिडकीत मेणबत्ती लागते. मेरी-योसेफ त्या रात्री आसरा शोधत वाटेवर असतात, त्यांना कळावं की इथं दार उघडं आहे. फाटक सांभाळणाऱ्या गोबनेटची मेणबत्ती मागच्या झरोक्यात जळायची, दिसायची फक्त झाडांना. मग ती बाहेर येऊन खोट्या खिडकीवर ब्रशनं मेणबत्ती काढायची आणि सण सरला की वरून रंग फासून झाकायची. शेजारचा कॉन टूमी दरवर्षी हसायचा, "गोबनेटकडे मेरीमाईला चहासुद्धा चित्रातलाच!"

गोबनेट हसण्यावारी न्यायची. पण तिला ते किती लागायचं, हे तिच्या लेकीला, एलीला ठाऊक होतं.

आता हवेली विकली गेली होती, आणि देवडी एलीनं घेतली होती. गोबनेटची नजर मात्र चालली होती. वसंतापर्यंत सगळं अंधारेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हातारीचं एकच मागणं होतं. यंदा रस्त्यावर उभं राहून आपल्या खिडकीतली खरी मेणबत्ती बघायची.

भिंत फोडायची तर जुन्या इमारतींचे अधिकारी टँगनी यांची परवानगी हवी. ते आले, खांबांवरून हात फिरवला, उजव्या खिडकीपुढे थबकले.

"वा! काय काम आहे! हिला हात लावायचा नाही हं, बाई."

"अहो, आईला दिसेनासं होतंय," एली काकुळतीला आली. "एवढा एक नाताळ..."

"वाईट वाटतं मला. पण नियम आहे. वास्तू मूळची होती तशीच राहिली पाहिजे. आणि ही मेणबत्ती बघा, रंगाखाली पुसट दिसतेय. शंभर वर्षांची तरी असेल!"

"शंभर वर्षांची तुझी आजी!" गोबनेट कडाडली. "गेल्या नाताळात काढलीय ती मी!" आणि हातातली काठी तिनं सरळ त्या मेणबत्तीवर हाणली.

"आई, अगं!"

गिलावा धडाधडा खाली आला. टँगनी ओरडायला गेले आणि तोंड उघडंच राहिलं. आत दगड नव्हता, विटा होत्या. विटांखाली घडीव दगडी उंबरठा, वर दगडी पट्टी, थेट डाव्या खिडकीसारखी.

"खिडकी होती इथे!" ते जवळजवळ नाचलेच. "बांधणाऱ्यानं ठेवली होती. मागून कुणीतरी बुजवली."

"कुणीतरी कशाला? हवेलीवाल्यांनीच! आमची तोंडं दिसायला नकोत म्हणून." गोबनेट दगडी कडा चाचपत राहिली. "अगं एली, म्हणजे जन्मभर मी खिडकीवरच खिडकी रंगवत बसले!" आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एलीही रडली, तिनं ते लपवलं नाही.

"मूळची तशीच ना साहेब?" डोळे पुसत एली म्हणाली.

"मूळची तशीच," टँगनी म्हणाले. "उद्याच गवंडी बोलवा."

नाताळच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला गोबनेट कोट घालून रस्त्यात उभी राहिली. मेणबत्ती घरातल्या सगळ्यात लहानानं लावायची असते. साठीच्या एलीनं ती लावली. नव्या काचेमागे ज्योत सरळ उभी राहिली.

"दिसतेय गं!" गोबनेट अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "मला दिसतेय!"

तेवढ्यात कॉन टूमी सायकलवरून उतरला. टोपी काढून बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.

"गोबनेट," तो हळूच म्हणाला, "चहा मिळेल?"

"ये आत, मेल्या," ती म्हणाली. "किटली उकळतेय."