कारीट फुटेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. जुनी म्हणजे मोडीत घालण्याइतकी नव्हे. पोटाला एक पोचा आहे, काठावर दोन चरे आहेत, बाकी मी ठणठणीत आहे. स्वभाव मात्र जरा कडक आहे, हे आधीच सांगून ठेवते. माझ्यात जेवढं मावतं तेवढंच मावतं. कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी त्यात घासभर वाढ होत नाही. माणसांचं तसं नसतं. माणसं वेळ पडली की माप वाकवतात, आणि वर साक्षीला आम्हा भांड्यांना उभं करतात. मला तसं उभं केलं गेलं. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून ही कहाणी सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चकती यंत्राखाली गेली आणि वाटी होऊन बाहेर आली, त्यात मोठंसं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते चिपळूणच्या एका भांड्यांच्या दुकानात. सुरेखामावशीने भाचीच्या लग्नासाठी सहा वाट्यांचा संच घेतला. दुकानदाराने थरथरत्या सुईने प्रत्येकीवर नाव घातलं, 'चि. सौ. कां. उर्मिला हिस मावशीकडून'. इतक्या गुदगुल्या झाल्या की काय सांगू! नाव घातलेलं भांडं हरवत नाही, असं मावशी ठासून म्हणाली होती. आमच्यातल्या पाच हरवल्या. कुणी शेजारच्या घरी भाजी घेऊन गेली ती तिकडचीच झाली, कुणी डब्यातून ऑफिसला गेली आणि परतली नाही. उरले ती मी एकटी.

उर्मिला लग्न करून चंदीगडला आली आणि तिच्या ट्रंकेतून मीही आले. तिचा नवरा शिशिर मोहालीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती स्वतः इथल्या कॉलेजात जीवरसायन शिकवते. शरीरात साखरेचं काय होतं, ती रक्तातून कुठे जाते, कशामुळे जाते, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवते. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढे तिला 'माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय नाही.

सुरुवातीचे दिवस माझ्या वैभवाचे होते. भाताची मूद पडायची ती माझ्यानेच. त्यांच्या मुलीचं, नेत्राचं, उष्टावण झालं तेव्हा पहिली खीर माझ्यात होती. शिशिर म्हणायचा, "या वाटीची मूद कशी अगदी देवळाच्या कळसासारखी बसते!" मी मनातल्या मनात फुगायचे. पुढे घरात फुलाफुलांचे काचेचे बाऊल आले आणि माझे दिवस फिरले. मी आधी मागच्या फळीवर गेले, मग थेट धुण्याच्या पावडरीच्या डब्यात. एका बादलीला अर्धी वाटी पावडर, एवढंच माझं काम उरलं. लग्नातलं नाव पोटावर मिरवणाऱ्या भांड्याची ही गत! पण तक्रार कुणाकडे करणार?

मग नेत्राच्या आठव्या वर्षीचा तो उन्हाळा आला. पोरगी सारखं पाणी मागायची. एक बाटली संपली की दुसरी. सगळे म्हणाले, इथल्या उन्हाचा कडाकाच तसा आहे. ती वाळत चालली, तेव्हा उंची वाढते आहे म्हणाले. ऑगस्टमध्ये एके दिवशी ती शाळेतून आली ती धापा टाकतच, आणि तिला दवाखान्यात न्यायच्या धावपळीत घर एका क्षणात रिकामं झालं. मी न्हाणीघरातल्या डब्यात पडून होते. काही दिवसांनी कुलूप उघडलं, उर्मिला सरळ आत आली, तिने मला पावडरीतून उचललं आणि गरम पाण्यात तीनतीनदा घासलं.

नेत्राला मधुमेह झाला होता. म्हातारपणी होतो आणि गोळ्यांवर भागतो, तो नव्हे. लहान मुलांना होतो तो. अंगातलं इन्शुलिनच आटतं, आणि मग ते बाहेरून टोचावं लागतं, दर जेवणाआधी, कायम. आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की घरातली एक वाटी ठरवा आणि रोज तीच वापरा, म्हणजे भाताचा आणि इंजेक्शनचा मेळ बसेल. काचेचे बाऊल एकाहून एक निराळे निघाले. मापाला खरी मीच ठरले. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, घरावर एवढं संकट कोसळलेलं असताना मला आतून आनंदच झाला होता.

त्या दिवशी नेत्रा जेवायला बसली. पूर्वी मला शिगोशीग भरायचे. त्या दिवशी उर्मिलाने सुरीच्या पाठीने भात काठाबरोबर सपाट केला. शेजारी इंजेक्शनचं पेन होतं. नेत्राने आधी पेनकडे बघितलं, मग आईकडे. आईवडील घरात मराठीच बोलतात, पण ही पोर उत्तर देते हिंदीत. तिने विचारलं, "मम्मा, ये कब तक?"

उर्मिलाने सुरी पुसून बाजूला ठेवली. मग ती म्हणाली, "कारीट फुटेपर्यंत."

कारीट हे आमच्या कोकणातलं इवलंसं कडूजार फळ. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की डाव्या पायाच्या अंगठ्याने ते फोडायचं, कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचं. कडू आधी संपवायचं, मग गोड. चंदीगडला कारीट कुठलं मिळायला! शिशिर दरवर्षी मंडीतून लहानसं कारलं आणतो आणि त्यालाच नरकासुर मानून चिरडायचं ठरलेलं असतं. नेत्राला त्या खेळाचं भारी वेड.

"पक्का?" तिने विचारलं.

"पक्का. या वाटीने नीट मापून जेवायचं, टोचताना रडायचं नाही. कारीट फुटलं की इंजेक्शन बंद. ही वाटी साक्षीला आहे बघ."

मी! मी साक्षीला! जिला कुणी विचारलं नाही, सवरलं नाही!

नेत्रा हात धुवायला गेल्यावर शिशिर हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, असं कसं सांगितलंस?"

"मग काय सांगू? मरेपर्यंत म्हणून सांगू?" उर्मिलाचा आवाज फाटला होता. "दिवाळीपर्यंत तिला सवय होईल. मग सांगू हळूच."

"कोण सांगणार?"

तिला चूक ठरवायचं धाडस त्याच्यात नव्हतं आणि खरं सांगायचं तिच्यात नव्हतं. दोघांनी मिळून मला पुढे केलं.

नेत्राने शब्द पाळला, आणि किती पाळला! वर्गात वाढदिवसाचा केक आला की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. घास जास्त झाला तर स्वतःच म्हणायची, "मम्मा, ये लाइन के ऊपर है." बोटांची टोकं टोचून टोचून भोकाभोकांची झाली, पण डोळ्यांतून टिपूस नाही. त्यातच डॉक्टरांनी इन्शुलिनचा डोस कमी केला. सुरुवातीला काही महिने असं होतं, शरीर उरलंसुरलं इन्शुलिन देतं आणि मग तेही थांबतं, हे त्यांनी उर्मिलाला समजावून सांगितलं होतं. नेत्राला कुणीच सांगितलं नाही. ती घरभर नाचली. तिला वाटलं, आपण जिंकत आलो. उर्मिला तिच्याबरोबर हसली, आणि ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

दसऱ्यानंतर समोरच्या बलजीत आंटी गुरुद्वाऱ्यातून कडाह प्रसाद, म्हणजे तुपात थबथबलेला गोड शिरा, घेऊन आल्या. नेत्राने हात जोडले, प्रसाद कपाळाला लावला आणि म्हणाली, "आंटी, दिवाली के बाद खाऊँगी. फ्रिज में रख दूँ?"

"दिवाली के बाद क्यों, पुत्तर?"

"तब मेरी शुगर खतम."

आंटींना स्वतःला साखरेचा जुना आजार. आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवत त्या हसल्या. "हाय रब्बा! शुगर कोई जाण वाली चीज़ है? मेरे तो बाल चिट्टे हो गए इसके साथ."

"आपकी अलग है," नेत्रा ठामपणे म्हणाली. "मेरी दिवाली तक ही है. मम्मा ने बोला है. मम्मा झूठ नहीं बोलती."

उर्मिला तेव्हा मला फडक्याने पुसत ओट्याशी उभी होती. आंटींनी तिच्याकडे बघितलं. खरं सांगायची एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती. पण ती मान खाली घालून, मी कोरडी झाले तरी, मलाच पुसत राहिली. आंटी प्रसाद तसाच ठेवून निघून गेल्या. त्या दिवशी उर्मिला माझ्या मनातून जी उतरली, ती उतरलीच.

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याचा वास दरवळला. नेत्राने दाराशी ठेवलेलं कारलं अंगठ्याखाली असं चिरडलं की बिया उंबऱ्यापर्यंत उडाल्या. नखभर रस जिभेला लावला, तोंड वेडंवाकडं केलं आणि ओरडली, "खतम!" शिशिरने टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात उर्मिला पेन घेऊन आली.

नेत्राने सदरा वर केला. होय मित्रांनो, तिने पोट पुढे केलं. तिला वाटलं, हे शेवटचं. सुई आत गेली, बाहेर आली. मग तिने हात पुढे केला. "अब दो. मैं इसे फेंकूँगी."

उर्मिला पेन घट्ट धरून उभी राहिली. "डॉक्टरकाका म्हणाले, अजून थोडे दिवस. होळीपर्यंत."

नेत्राने आधी तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे. शिशिर जमिनीकडे बघत होता. आठ वर्षांच्या मुलीला तेवढं पुरलं. फराळाच्या ताटात एक करंजी, मोजका चिवडा आणि माझ्यात दूधपोहे असं सगळं हिशेबाने मांडलेलं होतं. तिने मला एका धक्क्याने ढकललं. मी फरशीवर गरगरत सोफ्याखाली गेले आणि पोहे सगळीकडे पसरले.

"नहीं खाना."

"नेत्रा, इंजेक्शन गेलंय ना पोटात. खायलाच हवं."

"नहीं खाना! कभी नहीं!"

इन्शुलिन टोचलं आणि पोटात अन्न गेलं नाही तर साखर झरझर उतरते, मूल बेशुद्ध पडतं. सोफ्याखालून मला नेत्रा दिसत होती. थोड्या वेळाने ती थरथरायला लागली. शिशिर साखर चढवायला गोड रसाचा पेला घेऊन धावत आला. तिने दात गच्च मिटून घेतले. तो रडकुंडीला आला. "पी ले यार, प्लीज!" मराठी माणूस, पण लेकीची मनधरणी करताना तिच्या भाषेत गेला. नेत्राच्या कपाळावर घाम डवरला होता. तरी ती तोंड उघडेना.

तेव्हा उर्मिला सांडलेल्या पोह्यांतच खाली बसली. नवी साडी, सणाचा दिवस, कशाचं भान नाही.

"नाही जाणार," ती म्हणाली. "दिवाळीला नाही, होळीला नाही. कायम घ्यायचंय. मी तुझ्याशी खोटं बोलले."

"तुम्हें पता था?" नेत्राचा आवाज जड झाला होता.

"हो."

"फर्स्ट डे से?"

"हो. पहिल्या दिवसापासून. मला फार भीती वाटली, बाळा. तू रडशील म्हणून नाही. मी रडेन म्हणून."

"और मैं सबको बोलती रही," नेत्रा म्हणाली, "कि मम्मा झूठ नहीं बोलती."

मग तिने पेला घेतला. आईच्या हातातून नाही, बापाच्याही नाही. तो जमिनीवर ठेवायला लावला, दोन्ही हातांनी उचलला आणि दातांवर आपटत आपटत रिकामा केला. तिने कुणाला माफ केलं होतं असं समजू नका. तिचे हात थरथरत होते आणि तिला जगायचं होतं, एवढंच.

आता भात नेत्रा स्वतः वाढून घेते. मला फळीवरून तीच काढते, भरते, सुरीच्या पाठीने सपाट करते आणि डोळ्यांसमोर धरून काठ तपासते. यंत्रावरचा साखरेचा आकडा पहिल्यांदा ती बघते, मग आईला सांगते. पूर्वी टोचताना ती आईच्या तोंडाकडे बघायची. आता सुईकडे बघते. पोर हुशार आहे, एकदाही चुकत नाही. डॉक्टर तिचं कौतुक करतात, आणि उर्मिला ते कौतुक ऐकून घरी येऊन कांदा चिरायला घेते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही घरात मुलं असतील. आम्हा भांड्यांची काळजी घ्या, घासूनपुसून ठेवा, हे तर सांगतेच. पण त्याहून मोठी एक विनवणी आहे. लेकराला जे खरं आहे ते पहिल्याच दिवशी सांगा, आणि सांगताना भीती वाटली तर तीही सांगा. मुलं कडू गिळतात, मी रोज बघते आहे. उर्मिला अजूनही जेवणाच्या वेळी डाव हातात घेऊन उभी राहते आणि विचारते, "आज मी भरू?" नेत्रा मान हलवते, नाही म्हणून. दिवाळीच्या सकाळी जे खरं उर्मिलाच्या तोंडून निघालं, ते ऑगस्टमध्ये निघालं असतं, तर आज भात तिनेच वाढला असता.